प्रोसेसरचा हिशेब : सर्व्हर आणि वर्कस्टेशन



शासकीय कार्यालये, शाळा आणि पंचायत संस्था यांच्या खरेदीत सिमेंट, पाइप, औषधे, बाके या वस्तूंच्या पंक्तीत संगणक येऊन बसला, त्याला आता बराच काळ लोटला आहे. सिमेंटचे पोते तोलता येते, पाइपची जाडी मोजता येते, बाकाच्या लाकडाला नखाने टोचून पाहता येते. संगणकाच्या पेटीत दडलेल्या प्रोसेसरची पारख मात्र अशी डोळ्यांनी किंवा हातांनी होत नाही. परिणामी निविदेच्या तांत्रिक पानावर कोणीतरी पुरविलेला एखादा आकडा जसाच्या तसा उतरतो आणि पुढे लाखो रुपयांचा व्यवहार त्या आकड्याच्या आधाराने होतो.

"प्रोसेसरची मूळ गती किमान ३ गिगाहर्ट्झ असावी" हे असेच एक नेहमीचे वाक्य होय. प्रोसेसर एका सेकंदात जितके ठोके घेतो, त्यांची मोजणी गिगाहर्ट्झमध्ये करतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये इंटेल कंपनीने ३.०६ गिगाहर्ट्झचा ‘पेंटियम ४’ बाजारात आणला. त्यात गणन करणारे केंद्र एकच होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एएमडी कंपनीने ‘एपिक ७७४२’ हा सर्व्हरचा प्रोसेसर आणला. त्यात अशी ६४ केंद्रे आहेत आणि त्याची मूळ गती २.२५ गिगाहर्ट्झ आहे. वरील अट अक्षरशः लावली, तर सतरा वर्षे जुना पेंटियम पात्र ठरतो आणि ६४ केंद्रांचा एपिक अपात्र! ठोके किती पडले यावरून काम किती झाले हे कळत नाही. प्रत्येक ठोक्यात किती काम उरकते आणि ते करणारे हात किती आहेत, हे ठाऊक असल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. या हातांना म्हणजे गणनकेंद्रांना ‘कोअर’ म्हणण्याचा प्रघात आहे. तोच शब्द पुढे वापरला आहे.

दोन यंत्रे, दोन स्वभाव

वर्कस्टेशन हे एका माणसाच्या टेबलावरील यंत्र होय. धरणाच्या भिंतीवरील दाबाचे गणित करणारा अभियंता, नकाशांचे थर एकमेकांवर बसविणारा भूमापक, चित्रपटाची दृश्ये रचणारा कलावंत यांच्यासाठी ते असते. माणूस समोर बसलेला असतो आणि उत्तराची वाट पाहत असतो. म्हणून एखादे एकटे काम किती झटपट होते, याला तेथे महत्त्व येते. सर्व्हरसमोर कोणी बसत नाही. तो एखाद्या बंद, थंड खोलीत रात्रंदिवस चालतो आणि शेकडो ठिकाणांहून येणाऱ्या मागण्या पुरवितो. सातबाऱ्याचा उतारा मागणारा शेतकरी, वेतनदेयक पाहणारा शिक्षक, निकाल शोधणारा विद्यार्थी एकाच वेळी त्याच्या दारात उभे असतात. तेथे एकाची गती थोडी कमी असली तरी चालते. रांग तुंबता कामा नये, यंत्र बंद पडता कामा नये आणि नोंद चुकता कामा नये.

एके काळी या दोन यंत्रांचे आणि साध्या टेबलावरील संगणकाचे प्रोसेसर मुळातूनच भिन्न असत. १९८२ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्सने वर्कस्टेशनसाठी पुढे ‘स्पार्क’ नावाचा स्वतःचा प्रोसेसर घडविला. इतर कंपन्यांचेही आपापले घराणे होते. १९९५ चा ‘पेंटियम प्रो’, १९९८ पासूनचे ‘झिऑन’ आणि २००३ चा एएमडीचा ‘ऑप्टेरॉन’ यांनी ती घराणी हळूहळू मागे सारली. साध्या संगणकाच्या जातकुळीतलेच प्रोसेसर सर्व्हरमध्ये आणि वर्कस्टेशनमध्ये शिरले. आज पुष्कळदा एकाच प्रकारच्या सिलिकॉनच्या चकत्यांपासून दोन्ही प्रकारचे प्रोसेसर तयार होतात आणि कोणती सोय खुली ठेवायची व कोणती बंद, यावरून त्यांची नावे आणि किमती ठरतात. खरेदी करणाऱ्याने लक्ष घालावे अशी जागा नेमकी हीच आहे.

एकच घडण, अनेक किमती

वर उल्लेखिलेल्या ‘एपिक ७७४२’ची जाहीर किंमत ६,९५० डॉलर होती. त्यानंतर सहा महिन्यांनी, २०२० च्या फेब्रुवारीत, त्याच कंपनीने ‘थ्रेडरिपर ३९९०एक्स’ हा वर्कस्टेशनचा प्रोसेसर ३,९९० डॉलरला आणला. दोहोंत आठ कोअरांच्या आठ चकत्या, म्हणजे एकूण ६४ कोअर. दोहोंच्या पोटातील जलद साठा, ज्याला कॅश म्हणतात, तोही सारखाच, २५६ मेगाबाइट. इतकेच नव्हे, तर स्वस्त असलेल्या थ्रेडरिपरची मूळ गती २.९ आणि कमाल गती ४.३ गिगाहर्ट्झ, तर महाग एपिकची २.२५ आणि ३.४. केवळ एवढे वाचून कोणीही म्हणेल की, सुमारे तीन हजार डॉलर वाचवून अधिक वेगवान वस्तू मिळत असताना महागाची घ्यावी कशाला?

उत्तर प्रोसेसरच्या बाहेर आहे. कोअरांना काम करावयास माहिती लागते आणि ती मेमरीतून येते. मेमरी आणि प्रोसेसर यांच्यामधील मार्गांना चॅनेल म्हणतात. विहिरीवरील मोटेची उपमा येथे चपखल बसते. मळ्यात वाफे ६४ आहेत, परंतु विहिरीवर मोटा चारच चालत असतील, तर शेवटचे वाफे कोरडे राहणारच, मग बैल कितीही चपळ असोत. थ्रेडरिपर ३९९०एक्सला मेमरीचे चार मार्ग आहेत, एपिक ७७४२ला आठ. त्या पिढीच्या मेमरीत प्रत्येक मार्गाने सेकंदाला अधिकात अधिक २५.६ गिगाबाइट माहिती येऊ शकते. म्हणजे एकाला १०२.४ आणि दुसऱ्याला २०४.८ गिगाबाइट. ६४ कोअरांत वाटणी केली, तर एका कोअरच्या वाट्याला थ्रेडरिपरमध्ये १.६ आणि एपिकमध्ये ३.२ गिगाबाइट येते. शिवाय थ्रेडरिपरसोबत एकूण २५६ गिगाबाइट मेमरी बसविता येत होती, तर एपिकसोबत चार टेराबाइट, म्हणजे सोळापट. दोन एपिक एकाच यंत्रात जोडता येत होते, थ्रेडरिपर एकटाच राहत असे.

आता काम पाहावे. चित्रपटाच्या दृश्यातील छायाप्रकाश मोजणे हे असे काम आहे की, त्यात प्रत्येक कोअर आपल्या वाट्याची थोडी माहिती घेतो आणि तिच्यावर बराच वेळ गणित करीत बसतो. मोटेवर भार पडत नाही. अशा कामी थ्रेडरिपर निर्विवाद स्वस्त आणि वेगवान ठरतो. याउलट लक्षावधी नोंदींचे कोष्टक मेमरीत ठेवून त्यातून एकसारखी शोधाशोध करावयाची असेल, तर २५६ गिगाबाइटची मर्यादा आणि चार मार्ग ही दोन्ही बंधने लवकरच जाणवू लागतात. तीन हजार डॉलरची बचत तेथे बचत राहत नाही. एक गोष्ट जाता जाता सांगावयास हवी. थ्रेडरिपर ३९९०एक्सचा प्रत्येक कोअर कामाचे दोन धागे चालवितो, म्हणजे एकूण १२८. विंडोज ही प्रणाली अशा धाग्यांचे जास्तीत जास्त ६४चे गट पाडते. जुन्या धाटणीचे कित्येक प्रोग्राम एकाच गटात काम करीत, त्यामुळे पैसे ६४ कोअरांचे मोजूनही अर्धा प्रोसेसर निवांत बसे.

इंटेलच्या घरातील उदाहरण याहून बोलके आहे. २०१७ चा ‘झिऑन प्लॅटिनम ८१८०’ २८ कोअरांचा, किंमत १०,००९ डॉलर. २०१९ च्या आरंभी आलेला वर्कस्टेशनसाठीचा ‘झिऑन डब्ल्यू-३१७५एक्स’ही २८ कोअरांचा, मेमरीचे मार्ग तितकेच म्हणजे सहा, गती अधिक, आणि किंमत २,९९९ डॉलर. पहिला एका यंत्रात आठपर्यंत जोडता येतो, दुसरा एकटाच चालतो. वीजही दुसऱ्याला जास्त लागते : २५५ वॅट विरुद्ध २०५ वॅट. ज्याला एकाच प्रोसेसरचे यंत्र हवे, त्याने पहिल्यासाठी सात हजार डॉलर अधिक का मोजावे, हा प्रश्न रास्त आहे. परंतु डब्ल्यू-३१७५एक्स बसेल असे मदरबोर्ड मोजकेच निघाले आणि तेही महाग. चार-पाच वर्षांनी बोर्ड बिघडल्यास पर्याय कोठून आणावयाचा, हे ज्या कार्यालयाला सांगता येत नाही, त्याने ही स्वस्ताई सांभाळूनच घ्यावी.

जोडण्याच्या हक्काची किंमत किती असते, हे एएमडीच्या आणखी एका जोडीवरून स्पष्ट होते. ‘एपिक ७७०२’ आणि ‘एपिक ७७०२पी’ या दोहोंचे कोअर, गती, मेमरीचे मार्ग आणि विजेची मर्यादा सर्व काही सारखे आहे. नावापुढे ‘पी’ असलेला प्रोसेसर दोन खाचांच्या यंत्रात चालत नाही, इतकाच काय तो भेद. पहिल्याची किंमत ६,४५० डॉलर, दुसऱ्याची ४,४२५. एका खाचेचे यंत्र घेणाऱ्याने चुकून पहिला निवडला, तर २,०२५ डॉलर निष्कारण गेले. कंपनीच्या दृष्टीने यात गैर काही नाही. ज्याची गरज मोठी, त्याच्याकडून मोल अधिक घ्यावे, हा व्यापाराचा जुनाच रिवाज आहे. गरज नसताना मोठ्या गरजेचे मोल देणे मात्र सार्वजनिक पैशाच्या बाबतीत क्षम्य मानता येणार नाही. या सर्व किमती कंपन्यांच्या जाहीर दरपत्रकातील आहेत. भारतातील यंत्राच्या अंतिम किमतीत कर, वाहतूक आणि पुरवठादाराची सूट यांचा फरक पडतो.

पुढील वर्षांत हे अंतर कमी झाले आहे, नाहीसे झालेले नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमधील ९६ कोअरांचा ‘एपिक ९६५४’ ११,८०५ डॉलरचा होता आणि त्याला मेमरीचे १२ मार्ग आहेत. २०२३ मध्ये आलेला, वर्कस्टेशनसाठीचा ९६ कोअरांचा ‘थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स’ ९,९९९ डॉलरचा होता आणि त्याला आठ मार्ग आहेत, पण त्याची कमाल गती ५.१ गिगाहर्ट्झ आहे, एपिकची ३.७.

कोअर वाढले म्हणजे काम वाढतेच असे नाही

अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये एक विचार मांडला आणि तो अद्याप कोणालाही ओलांडता आलेला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी दहाचे शंभर केले, तर पाने लवकर वाढून होतील. पण चुलीवरचा भात शिजावयास जो वेळ लागतो तो लागणारच. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी एकूण वेळ ठरवितो. समजा, एखाद्या कामाचा ९० टक्के भाग वाटता येतो आणि १० टक्के येत नाही. १६ कोअर लावले असता काम ६.४ पट वेगाने होते. ६४ लावले असता सुमारे ८.८ पट. कोअर चौपट झाले, लाभ दीडपटही नाही. आणि हजारो कोअर लावले, तरी दहापटीची वेस ओलांडता येत नाही. म्हणून वाटता न येणाऱ्या कामासाठी थोडे पण चपळ कोअर घ्यावेत आणि शेकडो स्वतंत्र मागण्या पुरविण्यासाठी पुष्कळ कोअर घ्यावेत.

थोड्या पण चपळ कोअरांना किंमतही पडते. २०१९ मधील ‘एपिक ७३०२’ १६ कोअरांचा असून ९७८ डॉलरला होता. २०२० च्या एप्रिलमधील ‘एपिक ७एफ५२’ही १६ कोअरांचाच, पण ३,१०० डॉलरला. गती थोडी अधिक आणि कॅश दुप्पट, यासाठी तिप्पट किंमत! वरवर पाहता हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो. तो केव्हा शहाणपणाचा ठरतो, हे कळण्यासाठी प्रोसेसर सोडून सॉफ्टवेअरच्या परवान्याकडे वळले पाहिजे.

माहिती साठविण्याचे कित्येक व्यापारी सॉफ्टवेअर दर कोअरमागे परवानाशुल्क आकारतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘एस्क्यूएल सर्व्हर २०१९’ च्या एंटरप्राइज आवृत्तीचा दोन कोअरांचा परवाना जाहीर दराने १३,७४८ डॉलर होता. १६ कोअरांसाठी आठ परवाने, म्हणजे १,०९,९८४ डॉलर. ६४ कोअरांसाठी ४,३९,९३६ डॉलर. या आकड्यांपुढे प्रोसेसरची किंमत म्हणजे गाडीपुढे नळा. ज्या कार्यालयाने ६,९५० डॉलरचा ६४ कोअरांचा प्रोसेसर ‘भविष्याची सोय’ म्हणून घेतला आणि त्यावर हे सॉफ्टवेअर चढविले, त्याने त्या सोयीपोटी सव्वातीन लाखांहून अधिक डॉलरचे जादा बंधन गळ्यात बांधून घेतले. अशा ठिकाणी १६ चपळ कोअर आणि त्यासाठीचे २,१२२ डॉलर अधिक, हा सौदा स्वस्तात पडतो. ‘व्हीएमवेअर’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना पूर्वी प्रोसेसरमागे एक असे. २०२० च्या एप्रिलपासून एका परवान्यात ३२ कोअरच धरले जाऊ लागले. ६४ कोअरांच्या प्रोसेसरला रातोरात दोन परवाने लागू लागले. ‘पोस्टग्रेस’सारखे खुले सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कार्यालयाला हा प्रश्न पडत नाही आणि त्याचा प्रोसेसरचा हिशेब वेगळा निघतो. तेव्हा सॉफ्टवेअर ठरल्यावाचून प्रोसेसर ठरविणे म्हणजे नवरदेव ठरण्याआधी वऱ्हाडाच्या गाड्या सांगण्यासारखे आहे.

विजेचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. एक वॅट वर्षभर अखंड चालला, तर पावणेनऊ युनिट होतात. ‘एपिक ७७४२’ ची मर्यादा २२५ वॅट आहे. पूर्ण भाराने वर्षभर चालल्यास १,९७१ युनिट. युनिटला १० रुपये धरले, तर १९,७१० रुपये आणि पाच वर्षांचे ९८,५५०, शिवाय खोली थंड ठेवण्याचा खर्च निराळा. ‘थ्रेडरिपर ३९९०एक्स’ची मर्यादा २८० वॅट, पण वर्कस्टेशन म्हणून तो वर्षातील ३०० दिवस रोज आठ तास चालला, तर ६७२ युनिटच होतात. सारांश, अधिक वीज खाणारा प्रोसेसर टेबलावर चालून जातो, सर्व्हरच्या खोलीत तो दरमहा बिलातून बोलतो.

चुकलेला आकडा

वेग आणि पैसा यांपलीकडची एक बाब निवडणुकीशी ज्यांचा संबंध येतो अशा पंचायत सदस्यांना विशेष पटेल. १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्स परिसरातील स्कारबेक येथे मतदान संगणकावर होते. एका उमेदवाराच्या नावावर इतकी मते दिसली की, तेथील मतदानपद्धतीत तितकी मिळणे शक्यच नव्हते. म्हणून संशय आला आणि मते पुन्हा मोजली गेली. फरक नेमका ४,०९६ मतांचा निघाला. संगणक सर्व संख्या दोनच्या घातांच्या आधारे साठवितो आणि ४,०९६ ही दोनचा बारावा घात आहे. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही. मेमरीतील एक कण आपोआप शून्याचा एक झाला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. ती संख्या अशक्य होती म्हणून पकडली गेली. शक्य कोटीतली असती, तर कोणाच्याही लक्षात आली नसती.

अशी चूक ओळखून दुरुस्त करणारी मेमरी असते. दर ६४ कणांमागे पडताळणीचे आठ जादा कण ती बाळगते. एक कण उलटल्यास ती तो सुधारते, दोन उलटल्यास इशारा देते. तिला ईसीसी मेमरी म्हणतात. ती चालविण्याची क्षमता प्रोसेसरमध्ये असावी लागते. इंटेलने अनेक वर्षे ही सोय मुख्यत्वे ‘झिऑन’ प्रोसेसरसाठी राखून ठेवली होती. साध्या टेबलावरील संगणकाला ‘सर्व्हर’ असे नाव देऊन त्यावर जमिनीचे हक्क, जन्ममृत्यूच्या नोंदी किंवा विद्यार्थ्यांचे गुण ठेवले, तर खर्च वाचतो खरा. पण एखादा गट क्रमांक किंवा एखाद्याचे गुण मध्येच बदलल्यास ते कोणत्याच तपासणीत दिसणार नाही. प्रोसेसरच्या वेगात तडजोड करण्यास पुष्कळ जागा आहे. या बाबतीत ती करू नये.

पुण्यातील एक निवड

महाराष्ट्रात या विषयाचा अनुभव जुना आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. एका बलाढ्य प्रोसेसरऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपावेत, ही त्यामागील कल्पना होती. त्याच संस्थेच्या २०२० मधील ‘परम सिद्धी-एआय’ या महासंगणकात वर वारंवार आलेला ‘एपिक ७७४२’ वापरला आहे.

हिशेबाच्या दृष्टीने अधिक शिकवून जाते ते पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील ‘प्रत्यूष’ हे यंत्र. २०१८ च्या जानेवारीत ते राष्ट्राला अर्पण झाले. मोसमी पावसाच्या अंदाजाची गणिते करणे हे त्याचे काम. त्यात इंटेलचा १८ कोअरांचा ‘झिऑन ई५-२६९५ व्ही४’ हा प्रोसेसर योजिला होता. त्याच मालिकेत २२ कोअरांचा ‘ई५-२६९९ व्ही४’ उपलब्ध होता. जाहीर किमती अनुक्रमे २,४२४ आणि ४,११५ डॉलर. भागाकार केला तर एका कोअरला पहिल्यात सुमारे १३५ आणि दुसऱ्यात १८७ डॉलर पडतात. मेमरीचे मार्ग दोहोंत चारच. हवामानाच्या गणितात प्रत्येक कोअर शेजारच्या चौकोनातील वाऱ्याचा, तापमानाचा, बाष्पाचा आकडा एकसारखा मागत असतो. मोटा तितक्याच ठेवून वाफे वाढविल्याने तेथे फारसे साधत नाही. देशाच्या पावसाचा अंदाज ज्यावर अवलंबून, त्या यंत्रातही मालिकेतील सर्वांत वरचा प्रोसेसर नव्हता, ही गोष्ट तालुका पातळीवरील खरेदी समितीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०२४ मध्ये त्या संस्थेत ‘अर्क’ हे याहून मोठे यंत्र आले.

निविदेत काय लिहावे

केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील १४४ वा नियम सांगतो की, वस्तूचे तपशील कार्यालयाच्या नेमक्या गरजेवरून ठरावेत आणि अनावश्यक खर्च वाढविणारी फाजील वैशिष्ट्ये त्यात नसावीत. प्रोसेसरच्या बाबतीत या नियमाचे पालन नाव किंवा गिगाहर्ट्झ लिहून होत नाही, काम लिहून होते. एका वेळी किती जण यंत्र वापरतील, नोंदींचे आकारमान किती, ते पाच वर्षांत किती वाढेल, सॉफ्टवेअर कोणते व त्याचा परवाना कशावर मोजला जातो, यंत्र किती तास चालेल, नोंदींना कायद्याचे मोल आहे काय, एवढी माहिती लिहिली की, कोणता प्रोसेसर नको हे बव्हंशी आपोआप स्पष्ट होते.

तुलनेसाठी तटस्थ मोजमापही आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘स्पेक’ ही संस्था ठरावीक प्रोग्रामांचा संच चालवून आलेले आकडे यंत्राच्या तपशिलासह प्रसिद्ध करते. तिच्या २०१७ च्या संचात ‘स्पीड’ आणि ‘रेट’ असे दोन प्रकार आहेत. एक काम किती लवकर झाले, हे पहिला सांगतो. ठरावीक वेळात एकूण कामे किती झाली, हे दुसरा सांगतो. वर्कस्टेशनसाठी बहुधा पहिला पाहावा, सर्व्हरसाठी दुसरा. विक्रेता कोणता आकडा दाखवितो आणि कोणता झाकतो, याकडे लक्ष असू द्यावे. याहून उत्तम कसोटी म्हणजे कार्यालयाचे स्वतःचे काम. एका तालुक्याच्या एका वर्षाच्या नोंदी, अर्थात नावे गाळून, बोलीदारांच्या यंत्रांवर चालवून पाहावयास लावल्या, तर जाहिरातीतील विशेषणे गळून पडतात.

खरेदीच्या वेळेचाही विचार करावा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये इंटेलने १२८ कोअरांचा ‘झिऑन ६९८०पी’ १७,८०० डॉलरला जाहीर केला आणि २०२५ च्या जानेवारीत तोच १२,४६० डॉलरवर आणला. चार महिन्यांत ५,३४० डॉलर उतरले. अगदी ताज्या मालाच्या मागे धावण्याची निकड सामान्य कार्यालयाला क्वचितच असते. एक पिढी मागचा प्रोसेसर बहुतेक कामांस पुरेसा होतो, मात्र त्याच्या सुट्या भागांचा आणि सुधारणांचा पुरवठा किती वर्षे चालू राहील, याची लेखी हमी घ्यावी.

एक बारीकशी तपासणी यंत्र दाखल झाल्याच्या दिवशीच उरकावी. आठ मार्गांच्या प्रोसेसरसोबत मेमरीच्या आठ पट्ट्या असतील, तरच ते आठही मार्ग वाहतात. कागदावरील एकूण आकडा भरून काढण्यासाठी ३२ गिगाबाइटच्या आठ पट्ट्यांऐवजी १२८ गिगाबाइटच्या दोनच पट्ट्या बसविल्या, तरी बेरीज २५६ गिगाबाइटच येते आणि निविदेची अट पूर्ण होते. पण मार्ग दोनच चालतात, २०४.८ ऐवजी ५१.२ गिगाबाइट एवढेच पाणी मळ्यात येते, आणि त्याचा दोष पुढे प्रोसेसरला लागतो. निविदेत पट्ट्यांची संख्या लिहावी आणि माल ताब्यात घेणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वीकृतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी झाकण उघडून त्या मोजाव्यात.